बोदिलच्या टेबलावरचा वायरलेस

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस संच आहे. सध्या माझा मुक्काम एस्ब्यर्ग बंदराच्या कँटीनमध्ये, एका फळीवर, निवडुंगाची कुंडी आणि कुणीतरी कधीतरी जिंकलेला हँडबॉलचा चषक यांच्या मध्ये आहे. माझी बॅटरी काढून घेतली आहे. छपरावरच्या खांबाकडे जाणारी तारही कापून टाकली आहे. जेवायला आलेली माणसे वर बघून म्हणतात, "अरेच्चा, हा अजून आहे होय!" आणि पुन्हा काळ्या पावाला लोणी फासू लागतात.

पण एक गोष्ट त्यांना ठाऊक नाही. माझ्या जाळीमागे कागदाचा एक पातळ पडदा आहे. जवळपास कुणी बोलले की तो अजूनही थरथरतो. म्हणजे मला अजून ऐकू येते. बोलता मात्र येत नाही. खरे सांगायचे तर बोलता मला कधीच येत नव्हते. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे बोलणे इकडून तिकडे पोचवले, माझे स्वतःचे एक वाक्यसुद्धा कधी माझ्या तोंडून निघाले नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या तारा जोडणारी बाई काम करताना शीळ घालत असे. मी जगात ऐकलेला तो पहिला आवाज. माझी रचना अगदी साधी आहे. हातात धरायचा एक काळा ठोकळा आणि त्यावर एक बटण. बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. दोन्ही एकदम होत नाही. बटण दाबलेले असेपर्यंत मी ठार बहिरा असतो.

सुरुवातीची वर्षे मी हेरिंग मासे पकडणाऱ्या एका निळ्या बोटीवर काढली. तिथे मला माणसांची पहिली ओळख झाली. जाळे माशांनी फाटायला आलेले असले, तरी आमचा तांडेल दुसऱ्या बोटीला सांगे, "छे, काही विशेष नाही. दोनचार आहेत." दुसरा तांडेलही तसाच बेरकी. तो लगेच आपली बोट आमच्या दिशेने वळवी. या पश्चिम किनाऱ्यावरची माणसे सरळ बोलत नाहीत. वादळ आले तर "जरा हवा आहे" म्हणतात. जेवण फार आवडले तर "वाईट नाही" म्हणतात. ऐकणाराही मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करूनच ऐकतो. सगळ्यांचा हिशेब जुळत असल्यामुळे कुणाचे काही अडत नाही.

पुढे मासे कमी झाले. निळी बोट भंगारात गेली आणि समुद्रात माशांच्या जागी पवनचक्क्या उगवल्या. पांढऱ्याशुभ्र, रांगेत उभ्या, किनाऱ्यावरून दिसतात न दिसतात अशा. त्यांना शेतच म्हणतात इकडे. त्या शेताची देखभाल करणाऱ्या कंपनीने धक्क्यावर एक हवामान-खोली उघडली. मला झाडूनपुसून तिथल्या टेबलावर बसवले. त्या टेबलाची मालकीण होती बोदिल.

बोदिल समोरच्या फानो बेटावरची. फेरीबोटीत बसून घेतलेली कॉफी संपायच्या आत माणूस बेटावरून बंदरात पोचतो, इतके ते जवळ. राजधानीत जाऊन ती हवामानशास्त्र शिकली होती. काही वर्षे विमानतळावर धुके बघत बसली होती. समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्यावर म्हणाली, "आता माझ्या समुद्राला माझी गरज आहे," आणि परत आली. हे तिने मोठ्याने म्हटले नव्हते हं. मोठ्याने ती एवढेच म्हणाली होती, "घर जवळ पडेल."

तिच्याकडे कामे दोन होती. उद्या वारा किती वाहणार, हे सांगणे. त्यावरून किती वीज विकायची ते कंपनी ठरवी. त्या कामात तिची फार वाहवा होई. पण तिचा जीव असे दुसऱ्या कामात. पवनचक्की बिघडली की फिटर लोक बोटीने जातात. तिथे भर समुद्रात धक्का कुठला? तांडेल बोटीचे रबरी नाक चक्कीच्या खांबाला टेकवतो, इंजिनाचा जोर लावून धरून ठेवतो आणि फिटर त्या नाकावरून शिडीवर पाऊल टाकतो. लाटा दीड मीटरच्या आत असल्या की ते पाऊल नीट पडते. त्यापुढे बोट एकदम खाली जाते, एकदम वर येते, आणि मग देवाचीच सत्ता. बोदिलचे सगळे नकाशे, उपग्रहाची चित्रे, समुद्रात तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाने पाठवलेले आकडे, हा सगळा खटाटोप शेवटी त्या एका पावलासाठी होता. अंदाज सांगायचा बोदिलने आणि जायचे की नाही ते ठरवायचे तांडेलाने, असा तिथला नियम.

रोज सकाळी ती माझे बटण दाबून अंदाज वाचून दाखवी. 'एक वीस' म्हणजे एक मीटर वीस सेंटिमीटर उंचीची लाट. पलीकडून सगळ्यात आधी उत्तर येई ते थोर्किलचे. थोर्किल तांडेलही फानोचाच. शाळेत दोघे एकाच वर्गात होते आणि तेव्हापासून त्याने तिला एक दिवसही सुखाने बसू दिले नव्हते.

"काय गं बोदिल, आज काय वाढलंयस ताटात?"

"एक वीस. दुपारी थोडं हलेल."

"थोडं म्हणजे तुझं थोडं, की माणसांचं थोडं?"

"तुझ्या पोटाला सोसेल इतकं. काल रात्री किती हाणलीस त्यावर आहे."

असे चाले. ऐकणाऱ्याला वाटावे, हे भांडताहेत. पण एखाद्या सकाळी थोर्किलची सुट्टी असली की बोदिलची कॉफी कपातच थंड होई. त्या दोघांची ही मैत्री माझ्यातून वाहत होती, याचा मला अभिमान होता.

आता एक रिवाज सांगतो. इकडे कामात ज्याची चूक होईल त्याने सगळ्यांसाठी केक आणायचा. ओरडणे नाही, रागावणे नाही. चूक केलीस, केक आण, विषय संपला. बोदिलच्या पहिल्याच वर्षी असे झाले की तिने सांगितले एक मीटर, आणि ओहोटी लागल्यावर उलटा वारा सुटून लाटा भलत्याच उंच झाल्या. एक फिटर शिडीवरून निसटून पाण्यात पडला. थोर्किलने त्याला कॉलर धरून वर ओढले. दात वाजत होते, पण धडधाकट होता बिचारा. थोर्किलचा आवाज माझ्यातून आला, "बोदिल, केक."

दुसऱ्या दिवशी तिने बदामाचा केक आणला. सगळ्यांनी हसत हसत खाल्ला. पडलेल्या फिटरने तर दोन तुकडे खाल्ले. बोदिलने मात्र तोंडालाही लावला नाही. ती सारखी त्या फिटरच्या हातांकडे बघत होती. तेव्हाच तिच्या मनाने काहीतरी घेतले, असे मला वाटते.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून बोदिल आकड्यात थोडी भर घालू लागली. संगणक म्हणे एक मीटर, ही सांगे एक वीस. संगणक म्हणे एक तीस, ही सांगे दीड. बटण दाबण्याआधी स्वतःशीच पुटपुटे, "असू दे थोडं वर." कुणाला बोलली नाही. बोलायचे काय त्यात? जास्त सांगितल्याने कुणी बुडत नाही. झालाच तर एखादी बोट एखादा दिवस घरी बसेल.

पण तांडेल म्हणजे काही बोळ्याने दूध पिणारी माणसे नव्हेत. त्यांना रोज प्रत्यक्ष समुद्र दिसत होता. एकदा बोदिल कॉफी आणायला गेली असताना दुसऱ्या बोटीचा तांडेल थोर्किलशी बोलू लागला.

"ती दीडच्या वर सांगतेय रे. काय करायचं?"

"बोदिलच्या दीडला कशाला भितोस? मीठ काढ त्यातलं."

"मीठ?"

"अरे, फानोच्या बायका त्या. सुक्या माशालाही मीठ सढळ हातानं, लाटेलाही तसंच. वीस-पंचवीस ती वरनं टाकतेच. पण तिला कळू देऊ नकोस हां. जीव लावून करते बिचारी, वाईट वाटेल तिला."

रिकाम्या खोलीत माझ्या जाळीतून हे सगळे मोठ्याने ऐकू आले. ऐकायला टेबल होते, खुर्ची होती आणि मी होतो. बोदिल परत आली तेव्हा मी नेहमीसारखा खरखरत बसलो होतो.

पुढे पुढे तिच्या लक्षात येऊ लागले की दीडच्या वर सांगितले तरी बोटी जातात. तिला वाटले, आपला धाक कमी पडतो आहे. म्हणून तिने भर वाढवली. तीस घालू लागली. तांडेलांनीही काही दिवसांत ताडले आणि तीस काढू लागले. ही इकडून घालतेय, ते तिकडून काढताहेत. आणि गंमत बघा, मित्रांनो, शेवटी आकडा बरोबर यायचा! वर्षामागून वर्षे गेली, कुणाच्या पायाला साधे खरचटलेसुद्धा नाही. कुणी केक मागितला नाही. बोदिलला वाटे, माझ्या तिसामुळे सगळे सुखरूप आहेत. थोर्किलला वाटे, माझ्या वजाबाकीमुळे काम चालले आहे. दोघेही एकमेकांची काळजी घेत होते आणि दोघांनीही ती एकमेकांपासून लपवली होती. दोन्ही बाजू माहीत असलेला मी एकटा. माणसाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते कधीतरी सोसावे लागते. माझे तर आयुष्यच तसे.

या सगळ्यात आणखी एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. तिचे नाव राग्ना. थोर्किलच्या बोटीवरची फिटर. गवळ्याची मुलगी, उंच आणि दणकट. बंदराच्या बायकांच्या हँडबॉल संघात ती गोलरक्षक होती. माझ्या शेजारचा हा चषक त्या संघाचाच. राग्ना दर शुक्रवारी ताजे पाव घेऊन हवामान-खोलीत येई आणि बोदिलच्या टेबलावरच बैठक मारी.

"बोदिल, तुझ्या त्या नकाशात बघून सांग, शनिवारी आम्ही जिंकणार का?"

"वाऱ्यावर आहे सगळं."

"आम्ही हॉलच्या आत खेळतो गं बाई!"

मग दोघी इतक्या हसत की माझी जाळी झणझणे. बोदिलला मूलबाळ नव्हते. राग्नावर तिचा फार जीव होता. सकाळी अंदाज वाचताना 'शिडी' हा शब्द आला की तिच्या डोळ्यांसमोर राग्नाचेच पाऊल असणार, हे मी शपथेवर सांगतो.

मग कार्यालयात एबे आला. एबे हा नवा प्रमुख. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्याला या गोष्टीतला राक्षस ठरवाल. त्याने बोदिलचे आकडे आणि बोयाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघितले, आणि एका दुपारी तो खुर्ची ओढून तिच्या समोर बसला.

"बोदिल, तुझा वाऱ्याचा अंदाज इतका अचूक असतो की मी तो इतरांना दाखवतो. लाटांचा मात्र रोज वरच. रोज! चूक असती तर कधी वर, कधी खाली झाली असती."

बोदिल टेबलावरचे नकाशे एकावर एक रचू लागली.

"तू मुद्दाम घालतेस ना?"

"लोकांना खांबावर चढायचं असतं, एबे."

"मला कळतं गं. पण आकडा हा आकडा असावा. तांडेलाला खरं सांग, मग तो ठरवेल. तू त्याच्या वतीनं घाबरत का बसतेस?"

खरे सांगू? त्याचे म्हणणे बरोबर होते. बोदिललाही ते पटले. ती शास्त्र शिकलेली बाई. आकड्यात हात घालणे तिलाही मनातून डाचतच असणार. ती म्हणाली, "सोमवारपासून सरळ सांगेन."

"तांडेलांना कळवायचं का काही?" एबेने उठता उठता विचारले.

बोदिलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. इतकी वर्षे आपण भर घालत होतो, हे थोर्किलला कळणार! तो काय काय बोलेल! "नको," ती म्हणाली, "त्यांना काय फरक पडणारे? आकडा कमी ऐकून खूषच होतील."

न सांगता घातलेले तिने न सांगताच काढले. मी तिथेच, तिच्या कोपराला लागून बसलो होतो. माझ्या पोटात थोर्किलचे ते सगळे बोलणे होते. मला नुसती खरखर करता येत होती, तेवढी केली. बोदिलने हात लांब करून माझा आवाज कमी केला.

सोमवार उजाडला. बंदरात पाणी शांत होते, कारण मध्ये फानो आडवे आहे. बाहेरही सकाळी समुद्र बरा होता. पण ओहोटी लागली की वारा आणि पाणी समोरासमोर येणार आणि लाटा उठणार, हे बोदिलला स्वच्छ दिसत होते. तिने बटण दाबले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, जसा होता तसा आकडा सांगितला. "ओहोटीच्या वेळी एक सत्तर."

"एक सत्तर? काय म्हणतेस!" थोर्किलचा आवाज खुशीत होता. "बरंय, बघतो."

बोदिल निर्धास्त झाली. एक सत्तर ऐकल्यावर कोण जाणार? खरी लाट दीडच्या वर असली की इतक्या वर्षांत एकही बोट गेली नव्हती. ती कप उचलून एबेच्या खोलीत गेली. सरळ आकड्याचा पहिला दिवस, दोघे त्यावर बोलत बसले असतील.

तिची पाठ वळली आणि माझ्यातून थोर्किल दुसऱ्या तांडेलाला म्हणाला, "एक सत्तर. मीठ काढलं की एक चाळीस. चल, निघू या. राग्ना तयारच आहे."

मित्रांनो, त्या वेळी मी किती ओरडलो म्हणून सांगू! पण ओरडलो काय, तर थोर्किलचेच शब्द. खोलीत मोठ्याने घुमले आणि विरले. दार लोटलेले होते. टेबलाच्या कडेला माझी तार लोंबत होती, आणि त्या तारेला दारापर्यंत जाणे काही जमण्यासारखे नव्हते.

बोदिल परत आली तोवर बराच वेळ गेला होता. ती खुर्चीत बसली, तिने संगणकाच्या पडद्याकडे बघितले आणि ती ताडकन उठली. पडद्यावर थोर्किलच्या बोटीचा हिरवा ठिपका पार शेताच्या मध्ये, एका चक्कीला चिकटलेला होता. तिने मला झडप घालून उचलले.

"थोर्किल! कुठे गेलायस तू? थोर्किल, मागे फीर!"

वरातीमागून घोडे म्हणतात ते हे. तिकडे थोर्किलचे दोन्ही हात सुकाणूवर होते. तो उत्तर कुठून देणार? पहिले पाऊल टाकायला राग्ना पुढे झाली होती. ओहोटी लागली होती. तिने शिडीच्या दांड्याला हात घातला आणि बोट तिच्या पायाखालून सरकून खाली गेली. पुढच्या लाटेबरोबर बोट वर आली, तेव्हा राग्नाचा डावा पाय शिडी आणि बोट यांच्या मध्ये होता.

हे मी पाहिले नाही, नंतर लोकांच्या बोलण्यातून कळले. त्या वेळी मी फक्त आवाज ऐकले. आधी थोर्किल काहीतरी बोलला, ते शब्दच नव्हते. मग तो म्हणाला, "राग्ना. पाय. हेलिकॉप्टर पाठवा."

एबे धावत आला आणि त्याने फोन उचलला. हेलिकॉप्टर निघाले. हेलिकॉप्टर निघाल्यावर माणसांना काही काम उरले नाही, आणि काम उरले नाही की माणसे बोलतात.

"थोर्किल," बोदिल म्हणाली, "मी एक सत्तर सांगितलं होतं. तू गेलास का?"

"एक सत्तर म्हणजे एक चाळीसच ना!"

"एक सत्तर म्हणजे एक सत्तर!"

"मग तीस कुठे गेले?" तो ओरडला. "तुझे ते नेहमीचे तीस, बोदिल! मी ते रोज काढतो! कुठे गेले ते?"

बोदिलने बटण दाबले. तिला काहीतरी सांगायचे होते. ओठ हलले, पण शब्द आला नाही. तिचा अंगठा बटणावर तसाच घट्ट राहिला. आणि बटण दाबलेले असेपर्यंत मी ठार बहिरा, हे तुम्हांला सांगितलेच आहे. तिकडून थोर्किल काही म्हणाला का? "माझं चुकलं" म्हणाला का? "तुझी चूक नाही" म्हणाला का? मला आजतागायत ठाऊक नाही. त्याने जे म्हटले असेल ते माझ्या बंद दारावर आपटून समुद्रात पडले. एबेने येऊन तिचा अंगठा बाजूला केला, तेव्हा माझ्यातून फक्त हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आवाज येत होता.

राग्ना वाचली. पाय मात्र घोट्याच्या वरून कापावा लागला.

पुढे चौकशी झाली. अंदाज बरोबर होता, असे ठरले. तांडेलानेही नियम मोडलेला नव्हता, असेही ठरले. दोष कुणाचाच नाही म्हणून कागद बंद झाला. दोष कुणाचा तरी असता तर बरे झाले असते, असे मला वाटते. मग कुणीतरी केक आणला असता, कुणीतरी खाल्ला असता. कुणाचाच नसलेला दोष दोघांनी वाटून घेतला आणि आपापल्या घरी नेला.

बोदिलने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी तिने टेबल आवरले, माझ्यावरची धूळ बाहीने पुसली आणि दिवा मालवून गेली. थोर्किलनेही बोट सोडली. तो आता फानोची फेरीबोट चालवतो. खोलीत नवी यंत्रे आली, त्यांनी मला उचलून इथे आणले, आणि ज्या चषकासाठी राग्ना गोलात उभी राहत होती त्याच्या शेजारी ठेवले.

राग्ना आता भांडारात बसून फिटरांना अवजारे देते. दर शुक्रवारी पाव घेऊन कँटीनमध्ये येते, आणि बोदिल बेटावरून तिला भेटायला येते. एकदा राग्ना खोट्या पायाचा बूट टेबलाखाली सरळ करत म्हणाली, "मी तुझ्यावर रागावलेली नाही, हे तुला कितीदा सांगू?"

"तू नाहीस गं," बोदिल म्हणाली. "पण तो. मी रोज त्याच्या बोटीनं येते-जाते. तो वरच्या खोलीतून एकदाही खाली येत नाही. माझं तोंड बघायचं नाहीये त्याला. मी न सांगता तीस काढले. त्याच्या जागी मी असते तरी माफ केलं नसतं."

थोर्किल जेवायला येतो तो दुसऱ्या वेळेला, गर्दी ओसरल्यावर. कँटीनच्या स्वयंपाकिणीने त्याच्या पुढ्यात बटाटे ठेवत विचारले, "बोदिल भेटते की नाही रे?"

"रोज चढते बोटीत," तो म्हणाला. "खिडकीकडे तोंड करून बसते. एकदाही मान वर करून बघत नाही. बघेल तरी कशाला? तिनं खरं सांगितलं आणि मी ते ऐकलं नाही. ती नाही माफ करणार मला."

स्वयंपाकिणीने हे बोदिलला सांगितले नाही. राग्नानेही बोदिलचे बोलणे थोर्किलला सांगितले नव्हते. एकाच्या मनातले दुसऱ्याच्या कानावर घालणे म्हणजे इकडे चोंबडेपणा समजतात.

आता दोन्ही बाजू माहीत असलेला पुन्हा मी एकटाच आहे. आणि या खेपेस तर खरखरही करता येत नाही.

गेल्या शुक्रवारी राग्नाला ताप होता म्हणून ती आली नाही. बोदिलला हे माहीत नव्हते, ती वाट बघत बसून राहिली. इतक्यात थोर्किल आला. कँटीनमध्ये ती दोघेच. तो पलीकडच्या टेबलाशी पाठ करून बसला. माझा पडदा इतका ताणला गेला की फाटतो की काय असे वाटले. बऱ्याच वेळाने तो उठला आणि तिच्या टेबलापाशी आला.

"साखर घेऊ का इथली?" त्याने विचारले.

"घे," ती म्हणाली.

तो साखर घेऊन गेला. मित्रांनो, थोर्किल कॉफीत साखर घालत नाही. इतकी वर्षे त्याच्या बोटीवरच्या गप्पा मी ऐकल्या आहेत, मला माहीत आहे. कॉफी न पिताच तो बाहेर पडला. बोदिल बराच वेळ त्याच्या टेबलावर राहिलेल्या त्या साखरेच्या भांड्याकडे बघत राहिली.

जुन्या वस्तू आपल्या आत्मवृत्ताच्या शेवटी म्हणतात, आम्हांला जपा, फेकू नका. मला नाही जपलेत तरी चालेल. हवे तर निवडुंगाची कुंडी माझ्या डोक्यावर ठेवा. पण तुमच्यापैकी कुणी कधी फानोच्या फेरीने गेलात, तर एवढे करा. जिन्याने वर जा आणि सुकाणूपाशी उभ्या असलेल्या माणसाला सांगा, "खाली खिडकीपाशी बसलीय ना, ती रागावलेली नाही." मग खाली या आणि तेच तिलाही सांगा. चोंबडेपणा म्हणाले तर म्हणू द्या. आणि तुमचे इतक्या लांब येणे होणार नसेल, तर तुमच्या घरात, तुमच्या वर्गात असेच दोघे असतील. त्यांना सांगा. आजच सांगा, तुम्हांला बोलता येते.